लघवीतलं कॅल्शियम: हाडातलं की ताटातलं?

पाळी थांबून तीन-चार वर्षं झालेल्या बाईला कंबरदुखीसाठी तपासण्या लिहून दिल्या जातात. त्यात एक ओळ असते, '२४ तासांची लघवी: कॅल्शियम'. रिपोर्टमध्ये २४० मिलिग्रॅम येतं, शेजारी छापलेली मर्यादा असते १०० ते ३००. आकडा मर्यादेत आहे, म्हणजे हाडं ठीक आहेत? आणि नणंदेचा आकडा ६० आला, म्हणजे तिचं कॅल्शियम वाया जात नाही, तिची हाडं जास्त भक्कम? दोन्ही अंदाज चुकू शकतात. दुसरा तर आपल्याकडे फारच वेळा चुकतो.

याचं कारण असं की लघवीतल्या कॅल्शियमचे उगम दोन आहेत. काल पोटात गेलेल्या अन्नातून किंवा गोळीतून रक्तात आलेलं कॅल्शियम हा एक, आणि हाडातून सुटलेलं कॅल्शियम हा दुसरा. मूत्रपिंडापाशी दोन्ही एकत्र होतात आणि रिपोर्टवर त्यांची बेरीज छापली जाते. धरणाच्या दारातून पाणी सुटताना दिसलं म्हणून धरण रिकामं होतंय असं म्हणता येत नाही. वर पाऊस जास्त झाला असेल, तरीही पाणी सोडावं लागतं. पाऊस किती झाला हे कळल्याशिवाय विसर्गाच्या आकड्याला अर्थ नाही.

मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण एक किलो कॅल्शियम असतं आणि त्यातलं ९९ टक्के हाडा-दातांत. उरलेल्या एका टक्क्यातला अगदी थोडा भाग रक्तात फिरतो, पण त्याची पातळी शरीर फार काटेकोरपणे सांभाळतं: एका डेसिलिटरला साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम. हृदयाचे ठोके, स्नायूंचं आकुंचन, रक्त गोठणं हे सगळं त्यावर अवलंबून आहे. रक्तातलं कॅल्शियम जरा घसरलं की मानेतल्या पॅराथायरॉईड ग्रंथी संप्रेरक सोडतात आणि हाडातून कॅल्शियम काढून ती तूट भरली जाते. म्हणून हाडं पोकळ होत असतानाही रक्ताचा रिपोर्ट नॉर्मलच येतो. 'रक्तात कॅल्शियम बरोबर आहे, मग हाडांना काय होणार' हे वाक्य दवाखान्यात रोज ऐकू येतं, आणि ते चूक आहे.

हाड हे जिवंत ऊतक आहे. ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी जुनं हाड पोखरतात, ऑस्टिओब्लास्ट त्या जागी नवं भरतात. एका जागचं पोखरणं दोन-तीन आठवड्यांत उरकतं, पण भरायला तीन-चार महिने लागतात. पोखरणाऱ्या पेशींवर इस्ट्रोजेनचा लगाम असतो. पाळी थांबते तेव्हा तो सुटतो. एकाच वेळी जास्त ठिकाणी खणणं सुरू होतं आणि भरणं मागे पडतं. शिवाय इस्ट्रोजेन कमी झाल्यावर आतडं अन्नातलं कॅल्शियम आधीपेक्षा कमी शोषतं आणि मूत्रपिंडही थोडं जास्त सोडून देतं. हाडांचा हा ठिसूळपणा पाळी जाण्याशी जोडलेला आहे, हे बोस्टनच्या फुलर अल्ब्राइट यांनी १९४१ मध्ये मांडलं.

मग नेमकं किती कॅल्शियम जातं? याचं नेटकं मोजमाप अमेरिकेतल्या ओमाहा इथे झालं. क्रेटन विद्यापीठाचे रॉबर्ट हीनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ पासून कॅथलिक नन्सचा अभ्यास केला. ठरावीक वर्षांनी या बायका आठवडाभर वॉर्डात राहायच्या. खाल्लेला प्रत्येक घास आणि बाहेर पडलेला मल-मूत्र सगळं मोजलं जायचं. नन्स निवडण्यात शहाणपण होतं: आयुष्य आखीव, आहार स्थिर आणि वर्षानुवर्षं पुन्हा तपासणीला येण्याची तयारी. पाळी चालू असताना या बायकांची दिवसाची तूट सरासरी २० मिलिग्रॅमच्या आसपास निघाली, इस्ट्रोजेन गेल्यावर ती ४३ झाली.

४३ मिलिग्रॅम म्हणजे चिमूटभरही नाही. पण वर्षाचा हिशेब करा: ४३ गुणिले ३६५, म्हणजे १५ ग्रॅमहून थोडं जास्त. बाईच्या हाडांत ८०० ते १००० ग्रॅम कॅल्शियम धरलं, तर वर्षाला दीड ते दोन टक्के. पाळी थांबल्यानंतरच्या पहिल्या पाच-सात वर्षांत मणक्यांसारख्या जाळीदार हाडांत हा वेग आणखी जास्त असतो.

आता गोम बघा. पाळीच्या आधीच्या आणि नंतरच्या तुटीत फरक आहे तो दिवसाला वीस-पंचवीस मिलिग्रॅमचा, आणि तोही मल-मूत्र मिळून. चोवीस तासांच्या लघवीतलं कॅल्शियम मात्र नुसत्या मिठानेच त्याहून जास्त हलतं. साधारण सहा ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा मीठ जास्त खाल्लं, की लघवीतून सुमारे ४० मिलिग्रॅम कॅल्शियम जास्त जातं. मूत्रपिंडात सोडियम आणि कॅल्शियमची वाट बरीचशी एकच आहे. सोडियम बाहेर टाकताना कॅल्शियमही मागोमाग जातं. मूत्रपिंड रोज आठ-दहा ग्रॅम कॅल्शियम गाळून त्यातलं ९८ टक्क्यांहून जास्त परत घेतं. तिथे एका टक्क्याचा फरक पडला तरी लघवीत ८०-१०० मिलिग्रॅम इकडचं तिकडे होतं. ज्या दिवशी ताटात लोणचं, पापड आणि खारवलेली मिरची होती त्या दिवसाचा नमुना आणि उपासाच्या दिवसाचा नमुना यांची तुलना करून हाडांबद्दल बोलणं म्हणूनच निरर्थक आहे. शक्य असेल तर त्याच डब्यातून सोडियमही मोजून घ्या. १०० मिलिमोल सोडियम म्हणजे सुमारे सहा ग्रॅम मीठ. आकडा २०० आला, तर वाढलेल्या कॅल्शियमसाठी आधी मिठाकडे बोट दाखवायचं, हाडांकडे नंतर.

ताटाचा भाग वगळण्याचा एक साधा उपाय म्हणजे उपाशीपोटी घेतलेला नमुना. ब्रिटनमध्ये लीड्स इथे आणि पुढे ऑस्ट्रेलियात ॲडलेडला काम केलेल्या क्रिस्टोफर नॉर्डिन यांनी ही पद्धत रुजवली. रात्रभर काही खाल्लं नसेल तर आतड्यातून येणारं कॅल्शियम जवळपास थांबतं. सकाळी लघवीत जे दिसतं ते बहुतांशी हाडातून आलेलं आणि मूत्रपिंडाने सोडलेलं असतं. पाळी गेल्यावर हा उपाशीपोटीचा आकडा वाढतो.

त्यासाठी आदल्या रात्री आठच्या आत जेवायचं. त्या जेवणात दूध, दही, नाचणी नको, आणि झोपताना घेतली जाणारी कॅल्शियमची गोळी त्या रात्री डॉक्टरांना विचारून टाळायची. पाणी हवं तेवढं प्या. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी रात्रभर साठलेली असते, त्यात जेवणातलं कॅल्शियमही असतं, म्हणून ती टाकून द्यायची. मग दोन पेले साधं पाणी. चहा नाही, बिस्किटही नाही. साधारण दोन तासांनी होणारी दुसरी लघवी स्वच्छ डबीत घेऊन लॅबला द्यायची. 'युरिन कॅल्शियम-क्रिएटिनिन रेशो' असं लिहिलेलं असताना दुपारी जेवून आल्यावर नमुना घेतला जातो, हे सर्रास घडतं. तो रेशो छापून येतो खरा, पण हाडांच्या प्रश्नाला तो कामाचा नाही.

लघवी पातळ किंवा दाट असेल तसं कॅल्शियमचं प्रमाण बदलतं. म्हणून ते क्रिएटिनिनने, म्हणजे लघवीत रोज साधारण सारख्याच प्रमाणात येणाऱ्या टाकाऊ पदार्थाने भागतात. कॅल्शियम १४ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर आणि क्रिएटिनिन ७०, तर गुणोत्तर ०.२०. उपाशीपोटीच्या नमुन्यात साधारण ०.१५ पर्यंतचा आकडा ठीक समजतात. लॅबनुसार मर्यादा थोडी बदलते. काही लॅब हेच मिलिमोलमध्ये देतात, तेव्हा आकडा २.८ पटीने मोठा दिसतो: ०.२० चं ०.५६ होतं. दोन लॅबचे रिपोर्ट शेजारी ठेवून 'तिप्पट वाढलं' म्हणून घाबरण्याआधी एकक बघा.

या भागाकारात एक खाच आहे. क्रिएटिनिन स्नायूंमधून येतं. कृश, स्नायू झडलेल्या सत्तरीच्या बाईचं क्रिएटिनिन कमी असतं. तेवढंच कॅल्शियम टाकणारी धडधाकट बाई ०.१० दाखवेल आणि ही ०.२०. हाडांची झीज दुप्पट आहे असा त्याचा अर्थ नाही. भाजक अर्धा झाला एवढंच.

मग २४ तासांची लघवी गोळा करायचीच कशाला? ठिसूळपणामागे दुसरं कारण दडलंय का, हे शोधायला ती तपासणी उत्तम आहे, अट एवढीच की गोळा नीट झालेली असली पाहिजे. सकाळी सहाला सुरुवात केली तर सहाची लघवी टाकायची. त्यानंतरची प्रत्येक लघवी डब्यात, आणि दुसऱ्या दिवशी सहाची धरून थांबायचं. घोळ होतो तो या दोन टोकांना. पहिलीही घेतली तर आकडा फुगतो, शेवटची राहिली तर पडतो. संडासच्या वेळची लघवी हमखास सुटते, म्हणून आधी लघवी मगात घ्यायची. मगाला साबण लागलेला नसावा आणि तो कोरडा हवा.

लॅबने दिलेल्या डब्याच्या तळाशी पाण्यासारखं काही असेल तर ते ओतून डबा धुऊ नका. ते हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. ॲसिडशिवाय कॅल्शियम हे ऑक्झलेट किंवा फॉस्फेटबरोबर स्फटिक होऊन तळाला बसतं, वरचं पाणी तपासलं जातं आणि आकडा खोटा कमी येतो. डब्यात ॲसिड आहे म्हणूनच थेट त्यावर बसायचं नाही. मगातून बाजूने सावकाश ओतायचं, वाफ तोंडावर घ्यायची नाही. अंगावर थेंब उडाला तर भरपूर पाण्याने धुवायचं. घरात लहान मूल असेल तर डबा उंचावर. एखादी लघवी चुकली तर लॅबला सांगून पुन्हा सुरू करा. अंदाजे पाणी घालून भरपाई करणारे महाभागही असतात.

संपूर्ण डबा न देता थोडाच नमुना द्यायचा असेल, तर डबा आधी नीट हलवा आणि एकूण किती मिलिलिटर झालं ते लिहून द्या. १२ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर गुणिले १८ डेसिलिटर म्हणजे २१६ मिलिग्रॅम. तिथे १८०० च्या जागी १२०० लिहिलं गेलं तर रिपोर्ट १४४ येईल आणि कुणाला शंकाही येणार नाही. गोळा पुरती झाली का हे ताडायला क्रिएटिनिन आहेच: बाईच्या वजनाच्या दर किलोला दिवसाला १५ ते २० मिलिग्रॅम, साठीनंतर १० पर्यंतही. ५५ किलोच्या पन्नाशीतल्या बाईचं एकूण ४०० आलं, तर बहुधा निम्मा दिवस डब्याबाहेर गेला आहे.

आता नणंदेच्या ६० च्या आकड्याकडे येऊ. गोळा नीट झाली असेल तर इतकं कमी कॅल्शियम म्हणजे पोटातून रक्तात फारसं काही येतच नाही. आपल्याकडे याचं पहिलं कारण ड जीवनसत्त्वाची कमतरता. ऊन भरपूर असलं तरी घरात, ऑफिसात आणि अंगभर कपड्यांत दिवस जातो. ड नसलं की आतडं कॅल्शियम घेत नाही, पॅराथायरॉईड संप्रेरक वाढतं, ते मूत्रपिंडाला कॅल्शियम धरून ठेवायला लावतं आणि हाडातून काढायलाही लावतं. लघवीतला आकडा खाली, आणि हाडांची झीज चालूच. अशा वेळी २५-हायड्रॉक्सी ड जीवनसत्त्व, पॅराथायरॉईड संप्रेरक आणि अल्कलाइन फॉस्फेटेज (हाडांच्या उलाढालीबरोबर वाढणारं विकर) रक्तात बघावं लागतं. उपचारानंतर लघवीतलं कॅल्शियम ६० वरून १५० वर गेलं तर काळजी नको. ती सुधारणा आहे. कॅल्शियम फारच कमी असण्यामागे गव्हातल्या ग्लूटेनने होणारा सिलिॲक आजार, मूत्रपिंडाचा जुना आजार किंवा रक्तदाबासाठीच्या थायझाइड गोळ्याही असू शकतात.

छापलेली मर्यादा ३०० असली तरी बाईचा आकडा २५०च्या वर, किंवा वजनाच्या दर किलोला ४ मिलिग्रॅमहून जास्त आला, तर मीठ तपासल्यावर पुढची यादी उघडायची: पॅराथायरॉईडची गाठ, वाढलेलं थायरॉईड, स्टेरॉईड, फ्युरोसेमाइडसारखं लघवी वाढवणारं औषध, दीर्घकाळ अंथरुणाला खिळणं, क्वचित मायलोमा हा अस्थिमज्जेचा कर्करोग. आणि ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी. ती आठवड्याला एक अशी आठ आठवडे दिलेली असते. पण बाई ती 'टॉनिक' म्हणून वर्षभर घेत राहते आणि कॅल्शियमची गोळीही सोबत असते. यातलं काहीच नाही आणि आकडा तरीही चढाच, तर मूत्रपिंडातूनच गळती आहे असं धरून डॉक्टर थायझाइडचा विचार करतात. पूर्वी मुतखडा झालेला असेल तर कॅल्शियमच्या गोळ्या सुरू करण्याआधी ही तपासणी करायलाच हवी. अमेरिकेतल्या 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या ३६,००० हून अधिक बायकांच्या चाचणीत रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ४०० युनिट ड घेणाऱ्या गटात मुतखडे १७ टक्क्यांनी जास्त निघाले. हे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले.

बाकीच्या खनिजांबद्दल थोडक्यात. लघवीतलं फॉस्फरस जेवणानुसार इतकं बदलतं की एकट्याने ते हाडांच्या झिजेबद्दल काही सांगत नाही. मात्र रक्तातलं फॉस्फरस कमी आणि लघवीत भरपूर जातंय, असं जोडीने दिसलं तर दुखणं ठिसूळपणाचं नसून हाडं मऊ पडण्याचं असू शकतं. पाळी जाण्याच्या उंबरठ्यावर खूप रक्तस्राव होऊन शिरेतून लोहाची इंजेक्शनं घेतलेल्या बायकांत हे लक्षात ठेवावं: फेरिक कार्बोक्सीमाल्टोज या प्रकाराने फॉस्फरस लघवीवाटे वाहून जाऊ शकतं. मॅग्नेशियम लघवीत कमी दिसलं तर पोटात कमी जातंय किंवा शोषलं जात नाही. वर्षानुवर्षं ॲसिडिटीच्या गोळ्या घेणाऱ्यांत हे आढळतं. मधुमेहात आणि लघवीच्या औषधांनी ते उलट जास्त जातं.

बोरॉनची गोष्ट शिकण्यासारखी आहे. १९८७ मध्ये अमेरिकेतल्या ग्रँड फोर्क्सच्या संशोधकांनी पाळी थांबलेल्या मोजक्या बायकांना रोज ३ मिलिग्रॅम बोरॉन दिलं आणि लघवीतलं कॅल्शियम-मॅग्नेशियम कमी झालं. त्यावर आजही गोळ्या विकल्या जातात. पण लघवीतला आकडा खाली आला म्हणून फ्रॅक्चर टळलं असं होत नाही.

हाडांच्या झिजेचा वेगच मोजायचा असेल तर खनिजं सोडून हाडातल्या कोलॅजेन या प्रथिनाचे तुकडे मोजणं जास्त बरं, कारण ते ताटातून फारसे येत नाहीत. जुनी हायड्रॉक्सीप्रोलिनची तपासणी याच कल्पनेची होती, पण पाया सूप प्यायल्यावर तीही चढायची. आता कोलॅजेनचे हेच तुकडे लघवीत एनटीएक्स आणि रक्तात सीटीएक्स या नावांनी मोजतात. सीटीएक्स सकाळी उपाशीपोटीच द्यायचं. जेवणानंतर ते पडतं. नुकतंच हाड मोडलं असेल तर काही महिने ते चढंच राहतं. हाड आत्ता किती उरलंय हे मात्र यातलं काहीच सांगत नाही, त्यासाठी डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी क्ष-किरण तपासणी. तिच्यातला टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडांशी केलेली तुलना, उणे २.५ किंवा त्याखाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस (हाडांचा ठिसूळपणा).

डेक्सा कधी करायची हे वयावर नाही, पाळी कधी थांबली त्यावर बघावं. भारतात ती सरासरी ४६-४७ व्या वर्षी थांबते, पाश्चात्त्य देशांत ५१ च्या सुमारास. तिकडची 'पासष्टीनंतर करा' ही शिफारस जशीच्या तशी उचलली तर आपल्या बायकांची अठरा वर्षं तपासणीविना जातात. गर्भपिशवीबरोबर अंडाशयही काढलं असेल तर घड्याळ त्याच दिवशी सुरू होतं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भपिशव्या तरुण वयात काढल्याचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. त्यातल्या कित्येकींची हाडांच्या दृष्टीने रजोनिवृत्ती तिशी-चाळिशीतच सुरू झाली असणार. अंडाशय ठेवलं असलं तरी ते काही वर्षं आधी थकू शकतं, आणि पाळीच नसल्यामुळे ते कधी थकलं हे कळत नाही.

कॅल्शियम किती घ्यायचं? राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत पाळी थांबलेल्या बाईसाठी दिवसाला १२०० मिलिग्रॅम आहे. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम, २०० मिलिलिटर गाईच्या दुधात २४० च्या आसपास. पालकातलं कॅल्शियम ऑक्झलेटमुळे फारसं लागू पडत नाही. कमी पडेल तेवढंच गोळीने भरायचं, आणि एका वेळी ५०० हून जास्त नाही. जास्त घेतलेलं शोषलं जात नाही. पाकिटावर '१२५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट' लिहिलेलं असेल तर त्यात कॅल्शियम ५०० च असतं. कार्बोनेट जेवणासोबत घ्यावं; ॲसिडिटीची गोळी रोज चालू असेल तर डॉक्टरांना कॅल्शियम सायट्रेटबद्दल विचारा.

उपचार सुरू झाल्यावर सीटीएक्स तीन महिन्यांत हलतं, डेक्साला वर्ष-दोन वर्षं लागतात. दोन सीटीएक्समध्ये २५-३० टक्क्यांहून कमी फरक असेल तर तो धरू नये, तेवढी चढउतार तशीही होते. दुसरी तपासणी त्याच लॅबमध्ये, त्याच वेळेला, तितकंच उपाशी राहून करा.